वकीलमहाराजांची विभूती

एकोणीसशे पासष्टच्या मे महिन्यात अकोल्याच्या जुन्या शहरात एक वकील देव झाला. वकिलाने देव व्हावे हे त्या पेशाविषयीच्या सर्वसाधारण अनुभवाला धरून नव्हते. पण अनुभवाची साक्ष काढण्याची कोणाला गरज वाटली नाही. मोर्णा नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा दगड अधिक दिसत होते, दुपारी पत्र्याला हात लावला तर कातडी भाजत होती, आणि तरीही चिंतामणराव वकिलांच्या दारापासून बोळाच्या तोंडापर्यंत माणसाला माणूस लागून उभा होता. हिवरखेडकडचे शेतकरी मोटारीच्या टपावर बसून आले होते. प्रत्येकाच्या हातात नारळ होता. उंबऱ्यावर तो फुटे, त्यातले पाणी पितळेच्या घागरीत पडे, आणि करवंट्यांचा ढीग समोरच्या भिंतीएवढा चढत जाई.

रांगेच्या शेवटाशी सरोजिनी उभी राहिली, कारण स्वतःच्या घरात शिरायला तिला दुसरी वाट उरली नव्हती. ती चिंतामणरावांची एकुलती मुलगी. अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत असे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे करून ती बडनेऱ्याला पॅसेंजरमध्ये बसली, तेव्हा तिला इतकेच ठाऊक होते की वडिलांच्या मूत्रपिंडाचे दुखणे वाढले आहे आणि आईने "ह्यांची प्रकृती आता निराळीच आहे, सवडीने ये" असे कळविले आहे. निराळीच म्हणजे काय, हे तिला पुढच्या बाईने सांगितले.

"पयल्यांदाच येऊन राह्यली का वं बाई?" हिवरखेडची पार्बताबाई मागे वळून म्हणाली. तिचा चेहरा गोल आणि पापण्या जड होत्या. "मंग नारय कोठी हाय तुहा?"

"नारळ लागतो का?"

"माय वं! नारय नाई तं महाराज पितीन काय? पयला घोट त्यायचा, मंग आपला परसाद."

"आणि महाराज करतात काय?"

"काईच नाई करत. तेच तं! नुस्ते पडून राह्यते. न् पडल्या पडल्या त्यायच्या अंगातून इभूती निंगते. पांढरीफेक. कपायातून निंगते, मिशीतून निंगते. आमच्या ह्यायनं सगळ्यात आंधी पाह्यली. सांगा न हो!"

तिचा नवरा बुधाजी संकोचाने हसला. त्याची जमीन चिंतामणरावांनी सावकाराच्या घशातून सोडवून आणली होती, आणि फीऐवजी दर पौषात तो तुरीचे पोते घेऊन येत असे. "वकीलसायेब बिमार म्हनून भेटाले आलो होतो," तो म्हणाला. "पाह्यतो तं कपायावर भस्म. कोनं लावलं नाई, काई नाई. पुसलं तं सकायी परत. मंग मी नत्थुजीले सांगतलं, न् नत्थुजीनं मले समजून सांगतलं."

नत्थुजीचे नाव ऐकताच सरोजिनी रांग सोडून उंबऱ्याकडे निघाली.

या नत्थुजीचा पूर्वीचा व्यवसाय लक्षात घेतल्याशिवाय त्याचा नवा व्यवसाय समजणार नाही. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून तो साक्षीदार पुरवीत असे. ज्याने भांडण पाहिले नाही त्याला ते पाठ करून देणे, ज्याचा मळा तेल्हाऱ्याला त्याला त्या दिवशी अकोल्यात हजर करणे, ही त्याची विद्या. तिला उतारा एकच होता: चिंतामणराव. ते उलटतपासणीला उभे राहिले की आवाज न चढवता एक वाक्य म्हणत: "पाहिलंत काय आणि वाटलं काय, हे दोन वेगळं करून सांगा." नत्थुजीने पढविलेले साक्षीदार या एका वाक्याने मातीच्या ढेकळासारखे विरघळत. शेवटी एकदा न्यायाधीशांनी नत्थुजीलाच पिंजऱ्यात बोलावले, आणि त्यानंतर लिंबाखालची ती जागा रिकामी झाली. आता तो भगवी कफनी घालून चिंतामणरावांच्याच उंबऱ्यावर उभा होता. सूड आणि पोट या दोन्ही गोष्टी एकाच जागी साधाव्यात, असे भाग्य फार थोड्या लुच्च्यांच्या वाट्याला येते.

"अरे, सरूताई!" तो ओरडला. "सरका, सरका! देवाची लेक आली!"

आतल्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या. दर उन्हाळ्यात दाराला लागणारा वाळ्याचा पडदा काढून टाकला होता. "गारवा लागला का इभूती अंगातच राह्यते," असा नत्थुजीचा आदेश होता. पाण्याचा स्पर्शही त्याने वर्ज्य केला होता. त्या भट्टीत, लोडाला टेकून, तिचे वडील बसविलेले होते. कपाळावर, भुवयांत, मिशीच्या केसांत पांढरी बारीक भुकटी साठली होती आणि दिव्याच्या उजेडात ती चकाकत होती. डोळे लालभडक. श्वास खोल आणि सावकाश. हाताच्या नखांनी ते सारखे अंग ओरबाडत होते. दंडावर रक्ताच्या रेघा वाळल्या होत्या.

"पाहा हो भक्तजन!" नत्थुजीने सुरुवात केली. कोर्टाची भाषा त्याच्या जिभेवरून अद्याप उतरलेली नव्हती. "हे डोये लाल काहून? ज्ञानाग्नीनं! हा श्वास असा काहून? प्राणायाम चालू हाय, अखंड! महाराज अंग खाजवते, तवा तुमची पापं खरडून काढून राह्यले, समजलं? उचकी लागली का समजा, वर कोनाचं तरी अपील मंजूर झालं. अन् हा हात पाहा." त्याने चिंतामणरावांचा हात मनगटापाशी उचलून धरला. पंजा पाखराच्या पंखासारखा फडफडला. "आशीर्वाद एवढा भारी हाय का मनगटाले पेलत नाई! ही वरची कचेरी हाय, बाप्पा. अथी तारीख पडत नाई!"

गर्दीने जयजयकार केला.

"आता छातीले कान लावा. ताई, पयला मान तुमचा."

सरोजिनीने कान लावला. आत ठोक्यांबरोबर एक खरखर चालली होती. कोऱ्या कातड्याच्या वहाणा चालताना करकरतात तशी, जाताना एकदा, येताना एकदा.

"काय आयकू येते? सो... हं! सो... हं! चामड्याच्या पेटीत ब्रह्म बोलून राह्यलं!"

चिंतामणरावांनी डोळे उघडले. मुलीकडे पाहिले, पण ओळखीची खूण उमटली नाही. वासट श्वासाबरोबर शब्द आले: "बाई, वकीलपत्र आणलंत?"

"आयकलं?" नत्थुजी गरजला. "वकीलपत्र! जीव सोपवा म्हनते महाराज!"

नारळपाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लागला. सरोजिनी उठून स्वयंपाकघरात गेली.

कुंदाताई, तिची आई, दूध आटवीत बसल्या होत्या. चुलीभोवती भांडीच भांडी होती. भक्तांनी आणलेले दूध उतू जात होते.

"आई, तो नत्थू दलाल आपल्या घरात?"

"ओरडू नकोस. बाहेर लोक आहेत."

"बाबांनी त्याला पिंजऱ्यात उभं केलं होतं!"

"केलं असेल." कुंदाताईंनी पळी ठेवली. "त्या डॉक्टर नारायणने मला इथंच बसून सांगितलं, की हे जाणार. वर म्हणाला, दूध बंद करा. भात, तूप, साखर, साबुदाणा, एवढंच द्या. आजाऱ्याला दूध बंद, सरू! आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नाही. नत्थुजी आला आणि म्हणाला, हे देव झाले, यांना दुधावर ठेवा. तूच सांग, मी कोणाचं ऐकायचं होतं?"

सरोजिनी तशीच डॉक्टरच्या दवाखान्याकडे निघाली. ज्या घरात औषधाने हात टेकले आहेत, त्या घराच्या दाराला कडी नसते. तिथे कोणीही शिरू शकते. हे सत्य रसायनशास्त्रात शिकवीत नाहीत.

डॉक्टर नारायण मुंबईला शिकून आलेला तरुण मनुष्य. तिला दारात पाहून तो उठून उभा राहिला.

"मला त्या दारातून हाकलून दिलं, ताई. तुमच्या आईंवर माझा राग नाही. पण ते दूध थांबवा."

"दूधच का?"

"कारण दुधात फॉस्फरस भरपूर असतो. तुमची-माझी मूत्रपिंडं तो लघवीवाटे काढून टाकतात. त्यांची वाळून बंद पडली आहेत. मग तो रक्तात साचतो, रक्तातला चुना खेचतो, आणि चुना कमी पडला की शरीर तो हाडांतून उकरून आणतं. हाडं पोकळ होतात, आणि ही दोन्ही द्रव्यं एकत्र येऊन नको तिथं खडूसारखी बसतात. डोळ्यांत बसली की डोळे लाल. कातडीत बसली की खाज. रक्ताच्या नळ्यांत आणि हृदयात बसली की..." तो थांबला. "ती छातीतली खरखर वेगळी. रक्तातल्या विषानं हृदयावरचं आवरण सुजलं आहे. त्याचे दोन पदर एकमेकांवर घासतात. जुने डॉक्टर या आवाजाला मृत्यूची घंटा म्हणत. तुमच्या घरी लोक रांग लावून ती ऐकतात."

"मुंबईला रक्त धुण्याचं यंत्र आहे ना?"

"आहे. मी त्याच्यापाशी काम केलं आहे. पण एकच यंत्र, आणि ज्यांची मूत्रपिंडं पुन्हा जागी होतील त्यांच्यासाठी राखलेलं. यांची होणार नाहीत. आणि यंत्र म्हणजे चमत्कार नव्हे. युरिया धुऊन निघतो, फॉस्फरस चिवट. तो थोडाच निघतो. आमच्याकडे गिरणीतला एक कारकून होता. यंत्रावरून उठला, बरं वाटलं, घरच्यांनी आनंदानं खवा, पेढे, बासुंदी सुरू केली. रक्त धुतलेलं, आणि हृदय बंद पडलं. यंत्र असो वा नसो, जिभेवर पहारा ठेवावाच लागतो." त्याने कपाटातून पांढऱ्या औषधाची बाटली काढली. "आम्लपित्तावर देतात तेच. जेवणाबरोबर दिलं, तर अन्नातला फॉस्फरस आतड्यातच बांधून ठेवतं. आणि नारळपाणी आजच्या आज बंद. त्यात पोटॅशियम आहे. तेही मूत्रपिंडांनीच काढायचं असतं. ते चढलं, की हृदय धडधडत नाही, सूचना देत नाही. संथ होत होत थांबतं."

"हे सगळं केलं, तर वाचतील?"

"नाही."

बाहेर रस्त्यावरून टांगा गेला. डॉक्टरने बाटली तिच्या हातात दिली.

"खाज कमी होईल," डॉक्टर म्हणाला. "गुंगी थोडी उतरेल. मधून मधून ते चिंतामणराव असतील. थोडे दिवस. एवढंच देता येईल."

"एवढंच हवं आहे मला," सरोजिनी म्हणाली. "देव म्हणून मरू नयेत ते. माझे वडील म्हणून मरावेत."

कुंदाताईंनी ते औषध देऊ दिले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती गर्दीसमोर उभी राहिली. तिच्या पुढ्यात दोन पेले, दोन वाट्या, बुधाजीच्याच पोत्यातली जात्यावर दळलेली कच्ची तूर, आणि हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेल्या टीपकागदाच्या पिवळ्या पट्ट्या.

"लेकीची पूजा आहे," ती म्हणाली.

नत्थुजीचे डोळे बारीक झाले. "पूजेले तूर काहून, ताई?"

"बाबांना तुरीचं वरण फार आवडतं. विचारा बुधाजींना."

"हो न बाप्पा!" बुधाजी म्हणाला. गर्दीतून पसंतीचे हुंकार उठले. देवाच्या लेकीला अडविण्याइतका नत्थुजी मूर्ख नव्हता.

तिने वडिलांच्या कपाळावरची भुकटी चमच्याने खरवडून पहिल्या पेल्यातल्या पाण्यात टाकली. दुसऱ्यात, नत्थुजी भक्तांना देत असे त्या पुडीतली विभूती टाकली आणि दोन्ही ढवळले. "जवळ या. पाहा. पुडीतली राख तळाशी बसली. ती गोवरीची आहे, तुमच्या चुलीत असते तीच. महाराजांच्या अंगावरची पाण्यात विरून गेली. राख कधी विरघळते का? म्हणजे जे अंगावर येतं ती विभूती नव्हे, आणि जे पुडीत मिळतं ते अंगावरचं नव्हे."

बुधाजी पेल्यात वाकून पाहत होता. क्षणभर सरोजिनीला वाटले, की यांना पटले.

"विरली!" नत्थुजीने दोन्ही हात वर केले. "पाह्यलं? जलात विलीन! जीव शिवात मियाला! अन् जे भक्ताच्या वाट्याचं, ते खाली राह्यलं, भक्तासाठी! बोला, वकीलमहाराज की..."

जयघोषाने पत्रे थरथरले.

न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करायला शिकवितात. धूर दाखविल्यावर धुरालाच नमस्कार करणाऱ्याचे काय करावे, याविषयी ते शास्त्र मौन पाळते.

सरोजिनीने ओठ आवळून पुढचे काम केले. दोन्ही पेल्यांतला थोडा थोडा अंश वाट्यांत ओतला, प्रत्येकीत तुरीचे पीठ कालविले, झाकणाच्या आतल्या बाजूला ओल्या पिवळ्या पट्ट्या चिकटविल्या, आणि वाट्या झाकून उन्हात ठेवल्या. "आता आरती म्हणा," ती म्हणाली. आरतीला वेळ लागतो, रसायनालाही लागतो.

आरती चालू असताना घागरीतून पेला भरून नत्थुजी आत गेला. सरोजिनी त्याच्यामागे धावली, पण मध्ये गर्दी होती, टाळ होते, डोळे मिटून डोलणारी माणसे होती. ती पोहोचली तेव्हा पेला रिकामा होता.

आरती संपली. तिने झाकणे उचलली. पुडीतल्या राखेच्या वाटीवरची पट्टी पिवळीच होती. दुसरीवरची लालसर तपकिरी झाली होती, आणि त्या वाटीतून असा भपकारा उठला की पुढची रांग मागे सरली.

"हा वास कशाचा आहे?" सरोजिनी विचारीत होती, आणि तिचा आवाज फाटत होता. "सार्वजनिक मुतारीचा! लघवीतून जो युरिया जायचा, तो मूत्रपिंडं बंद पडल्यामुळं जात नाही. तो रक्तात साचतो, घामावाटे बाहेर येतो. घाम सुकला की कातडीवर पांढरा राहतो. म्हणून खोली तापवली आहे, म्हणून अंघोळ बंद आहे! कच्च्या तुरीतलं एक द्रव्य त्या युरियाचा अमोनिया करतं, आणि अमोनियाच्या वाफेनं हळद लाल होते. इथं देव नाही. इथं एक माणूस आपल्या लघवीत बुडून मरतो आहे, आणि तुम्ही त्याला नारळपाणी पाजता!"

नत्थुजीने लाल पट्टी उचलून गर्दीकडे धरली. सबंध आयुष्यात त्याने यापेक्षा चांगला साक्षीदार पढविला नव्हता.

"हयदीचं कुकू झालं," तो हळूच म्हणाला. मग मोठ्याने: "बायाहो! हयदीचं कुकू झालं! वकिलीनबाईचं सौभाग्य अखंड हाय!"

पार्बताबाईने पदर पसरला. तिच्यामागे इतरांनी. जयजयकारात सरोजिनीचे पुढचे शब्द कोणाला ऐकू गेले नाहीत. प्रयोग निर्दोष होता, निष्कर्ष निर्विवाद होता, आणि तो ऐकायला माणूस नव्हता.

एक माणूस मात्र होता. कुंदाताई स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आल्या. कुंकवाचा घोष त्यांच्या कानांवर पडला होता, तरी त्यांनी पट्टीकडे पाहिले नाही. त्यांनी ती वाटी नाकाजवळ नेली, आणि तशाच राहिल्या.

"हा पाळण्यातल्या दुपट्यांचा वास आहे," त्या म्हणाल्या. "तुझी दुपटी मी धुतली आहेत, सरू." मग त्यांनी माठात पदराचे टोक बुडविले, आत जाऊन दार लोटून घेतले, आणि नवऱ्याचे कपाळ पुसले. मिशी पुसली. भुवया पुसल्या. पदर बुडवून पुन्हा पुसले. भुकटीखालून ओरबाडून सोललेली, पिवळट, आजारी कातडी वर आली. अनेक दिवस ज्याला त्या नैवेद्य दाखवीत होत्या, तो त्यांचा नवरा निघाला. सरोजिनीने खिडक्या उघडल्या.

गार पाण्याने असेल, वाऱ्याने असेल. किंवा या दुखण्यातली गुंगी अशी अधूनमधून आपोआप विरते म्हणून असेल. चिंतामणरावांच्या डोळ्यांत माणूस आला. दार ढकलून आत शिरलेल्या नत्थुजीवर त्यांची नजर स्थिरावली.

"नत्थू."

"जी, महाराज."

"पाहिलंस काय, तेवढं सांग. वाटलं काय, ते कोर्टाला नको."

नत्थुजीचे हात पिंजऱ्याचा कठडा धरल्यासारखे आपोआप पुढे आले. त्या खोलीत तेवढा एक क्षण जुने कोर्ट भरले होते. मग चिंतामणरावांनी मान वळविली. "सरू, केव्हा आलीस? एवढी माणसं कशाला घरात?"

"तुम्हाला भेटायला आली आहेत, बाबा."

"अशील?"

"हो."

"सांग त्यांना," ते म्हणाले, "वकील आजारी आहे."

सगळ्या प्रकरणात एवढेच एक विधान पूर्ण सत्य होते, आणि ते खुद्द देवाने केले होते. सरोजिनी ते सांगायला बाहेर गेली. बाहेर टाळ चालू होते.

ती परत आली, त्यानंतर ते फार बोलले नाहीत. मुलीचा हात त्यांनी हातात ठेवून घेतला होता. खाजवणे थांबले होते. दुपार कलताना नाडी संथ झाली. डॉक्टर नारायणला आणायला माणूस धावला, पण नारळाचे पाणी त्याच्या पुष्कळ आधी पोहोचले होते. धडधड नाही, सूचना नाही; हृदय थांबले. कुंदाताई साबुदाण्याची पेज गार करून आणीत होत्या.

नत्थुजीला सावरायला एक क्षण पुरला. "पान्यानं बाटवलं!" तो उंबऱ्यावरून ओरडला. "इभूती पुसली न् महाराज निंगून गेले!" एरवी शांत असलेल्या माणसांनी सरोजिनीच्या दिशेने करवंट्या फेकल्या. तिच्या कपाळावर त्या दिवशीची खूण अजून आहे.

मोर्णेच्या काठी समाधी झाली. तिथे दुधाचा अभिषेक चालतो. नैवेद्याला कच्ची तूर लागते, आणि हळदीत बुडविलेली पिवळी पट्टी झाकणाखाली ठेवून ती लाल होण्याची वाट पाहण्याचा एक विधीही आहे. विधीच्या वाटीत आता नवसागर असतो, चुना असतो, त्यांतूनही अमोनियाच निघतो, आणि पट्टी दर वेळी लाल होते. खरा प्रयोग कोणी केला होता, हे कोणाला आठवत नाही. अंधश्रद्धेची पचनशक्ती ही एक भयंकर गोष्ट आहे: तिला विष घालावे, तर ती त्याचा प्रसाद करते.

पुढच्या पौषात बुधाजी तुरीचे पोते घेऊन अमरावतीला सरोजिनीच्या खोलीवर आला. बरोबर पार्बताबाई होती. तिचा चेहरा आणखी गोल झाला होता.

"ताई, राग नोका ठिऊ," बुधाजी म्हणाला. "वकीलसायेबांचं पोतं हाय. तुमालेच द्याव लागन."

सरोजिनी पार्बताबाईच्या डोळ्यांखालच्या सुजेकडे पाहत होती. "सकाळी डोळे उघडायला त्रास होतो का, पार्बताबाई?"

"होते. पन दुपारले उतरते. म्या समाधीचं दूध लावलं हाय न, सव्वा महिन्याचा नेम. शेराले कमी नाई पेत."

"लघवीला फेस येतो?"

बाई लाजली. "येते. समाधीवर म्हनते, पाप निंगून राह्यलं."

सरोजिनीने खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. मग अंगठा काढला. बोटाच्या आकाराचा खोल खड्डा तिथे तसाच राहिला.

वाचकहो, इथे कथा सांगणाऱ्याला जे सांगायचे आहे ते कथेच्या आडून सांगण्याची गरज नाही. चेहऱ्याला सूज आली, लघवीला फेस आला, तर ती लघवी परीक्षानळीत तापवून पाहता येते; ती पांढरी साकळली, तर मूत्रपिंडे गळू लागली आहेत. त्याला सिद्धी लागत नाही, स्पिरिटचा दिवा लागतो. मूत्रपिंडे अर्धी शाबूत असतात तेव्हाच काही करता येते. ती संपल्यावर मुंबईचे यंत्रही फार काही करीत नाही. कपाळावर भस्म उमटेपर्यंत थांबू नका. आणि जे पाहिले ते, व जे वाटले ते, एकाच पुडीत बांधू नका. एवढेच. याहून अधिक सांगून आजवर कोणी शहाणे झालेले नाही. एवढ्याने होईल, असेही नाही.

"बुधाजी," सरोजिनी म्हणाली, "पाहिलं काय, ते सांगा."

बुधाजीने वाकून बायकोच्या पायाकडे पाहिले. "खड्डा," तो म्हणाला.

"आणि वाटलं काय?"

त्याने तोंड उघडले. मग मिटले. पार्बताबाईने त्याच्याकडे पाहिले, आणि घाईने लुगड्याचा काठ घोट्यावर ओढून घेतला.